उजवा पंख

"भिया, ये लंबा-लंबा क्या है? इसका टिकट लगेगा."

धारच्या बसचा कंडक्टर दारातच आडवा उभा राहिला. विठोबा साळोख्यांनी चादरीत गुंडाळलेली ती मीटरभर लांबीची वस्तू छातीशी आणखी जवळ ओढली.

"विमान का पंख है," ते म्हणाले.

"तो उड़ के ही चले जाते, काका!"

बसमधली माणसं हसली. विठोबाही हसले, पण त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. घटस्थापनेचा दिवस होता. देवासच्या टेकडीवर माताजीच्या दर्शनाला पहाटेपासून रांग लागली होती आणि हे गृहस्थ त्या गर्दीतून उलटी वाट काढत बसस्टँडवर आले होते. चादरीत जे होतं त्यावर त्यांनी तीन आठवडे खर्ची घातले होते आणि ते बिघडलं होतं. आता ते धारला हंबीररावांना दाखवायचं होतं. दसरा दहाव्या दिवशी होता.

विठोबांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. तेविसाव्या वर्षी ते कागलहून देवासला आले, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गिअर घडवणाऱ्यांचं नाव व्हायचं, विकणाऱ्यांना बढत्या मिळायच्या. विठोबा ते गिअर थर्मोकोलच्या ठोकळ्यात बसवायचे. तापलेल्या तारेनं ठोकळा असा कोरायचे, की गिअर आत ठेवला की हलायचं नाव नाही. माल फुटला नाही तर पॅकिंगवाल्याची आठवण कुणाला होते? पस्तीस वर्षांत त्यांची आठवण कुणालाच झाली नाही, म्हणजे काम चोख होतं.

एवढ्या आयुष्यात एकच नवल घडलं, तेही ट्रक पंक्चर झाल्यामुळे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुपारी माल पोचवायला निघालेला ट्रक धारबाहेर बसला. विठोबा पाय मोकळे करायला उतरले. सोयाबीन निघून गेलेल्या एका शेतात दहा-पंधरा फेटेवाली माणसं आभाळाकडे तोंड करून उभी होती. विठोबांनीही वर पाहिलं.

डोक्यावरून एक विमान चाललं होतं. घारीहून थोडं मोठं, आवाज जवळजवळ नाहीच. ते सूर्याच्या आड आलं आणि त्याचे पंख आतून उजळले. कागदाच्या आतली एकेक फासळी दिसली, फासळ्यांतून जाणारा कणा दिसला, हाताच्या पंजामागं दिवा धरला की बोटं दिसतात तसं. विठोबांच्या अंगावर काटा आला. माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रकचा ड्रायव्हर हाका मारून दमला.

विमान हंबीररावांचं होतं. घराणं धारच्या दरबारातल्या सरदारांचं, पण सरदारी गेली त्याला जमाना झाला आणि हंबीरराव एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. दसऱ्याच्या शस्त्रपूजेची घरातली चाल मात्र त्यांनी सोडली नव्हती. तलवारी भावकीत वाटल्या गेल्या होत्या, म्हणून ते ताम्हनात आपली हत्यारं मांडायचे: पट्टी, पक्कड, बारीक कानस आणि एक चाकू. करवतीच्या मोडक्या पात्याला धार लावून, पितळी मूठ बसवून तो त्यांनी स्वतः केला होता. पूर्वजांनी फौज घेऊन शीव ओलांडली असेल. हंबीरराव दर दसऱ्याला गावाच्या शिवेबाहेर जाऊन एक नवं विमान उडवायचे. हे त्यांचं सीमोल्लंघन. ते एकाही वर्षी चुकलं नव्हतं.

विठोबा त्यांचे शागीर्द झाले, त्यांना आबासाहेब म्हणू लागले, पण शागीर्दाचा हात पडला पॅकिंगचा. बाल्सा लाकडाच्या पापडासारख्या फळीतून बावीस फासळ्या कापायच्या, सगळ्या सारख्या. त्या कण्यावर ओवायच्या, वर पातळ कागद ताणायचा, कागदाला डोप नावाचं वार्निश लावायचं. महिनाभराचं काम. विठोबांच्या जाड बोटांत फासळी कडकन मोडायची. शेवटी एका रविवारी त्यांनी कारखान्यातला थर्मोकोलचा उरलेला तुकडा घेतला, दोन टोकांना पंखाच्या आकाराचे सनमायकाचे साचे टोचले आणि तापलेली तार साच्यांवरून ओढली. अर्ध्या तासात पंख तयार झाला. वर पांढऱ्या गोंदात भिजवून खाकी कागद चिकटवला आणि तो धारला नेला.

हंबीररावांनी तो बोटानं टकटक वाजवून पाहिला होता.

"हे विमान नव्हे विठोबा, हे पार्सल आहे. पत्ता लिही आणि पोस्टात टाक."

पार्सल उडालं. झकास उडालं. तिथून दोघांचं जे भांडण सुरू झालं ते अठ्ठावीस वर्षं चाललं. विठोबा म्हणायचे, आमच्या ठोकळ्याला पीळ पडत नाही, आकार टोकापासून टोकापर्यंत बिनचूक, आणि जमिनीवर आपटला तरी बहुतेकदा काही होत नाही. हंबीरराव म्हणायचे, वजन बघ त्याचं. माझा पंख वाऱ्याची झुळूक ओळखतो, तुझा नुसता वारा कापतो. एकदा दोघांची विमानं एकाच लिंबाच्या झाडावर आदळली. हंबीररावांच्या पाच फासळ्या मोडल्या, त्या त्यांनी आठवड्यात बदलल्या. विठोबांचा पंख मधोमध तुटला. त्यांनी तो कचऱ्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी नवा कापला.

"तुझं विमान मेलं तर सुतकसुद्धा लागत नाही रे," हंबीरराव म्हणाले होते. ते विठोबांना लागलं होतं, कारण ते खरं होतं. मनातून त्यांना ठाऊक होतं की आपण विमान करतो आणि आबासाहेब पाखरू करतात.

यंदा राखीच्या आदल्या दिवशी हंबीररावांना झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. वीस-बावीस दिवसांनी त्यांच्या पत्नीचा, जयवंतीबाईंचा फोन आला.

"भावजी, डावा पंख पुरा करून खुंटीस टांगलेला आहे. उजव्याची एक फासळी देखील कापली नाही. यंदा सीमोल्लंघन चुकणार, म्हणून जेवणावरून उठतात. बोलत काही नाहीत. नुसते त्या खुंटीकडे बघतात."

"वहिनीसाहेब, उजवा मी आणतो," विठोबा बोलून गेले. "आबासाहेबांसारखाच, फासळ्यांचा."

आणि तीन आठवडे त्यांनी जन्मात न जमलेलं काम केलं. मुलगी अवंती रोज विचारायची, "बाबा, इतना टेन्शन का घेताय? ऑनलाइन रेडीमेड मिळतो ना." विठोबा पुढची फासळी आखायला घ्यायचे. चाळीस फासळ्या कापल्या, त्यातल्या बावीस बऱ्या निघाल्या. कागद ताणला, डोप लावलं. सकाळी उठून पाहतात तर डोप वाळताना कागद एका बाजूनं जास्त ओढला गेला होता आणि पंखाला पीळ पडला होता.

धारला हंबीररावांनी तो पंख डाव्या हातात धरून डोळ्यासमोर आडवा केला. एक डोळा मिटला. त्यांची खोली म्हणजे बाजारामागच्या दोन खोल्यांतली आतली. खिडकीखाली लांब फळी आणि खुंटीवर तो डावा पंख. विठोबा तिकडे पाहायचं टाळत होते, पण नजर गेलीच. खिडकीतला उजेड त्यातून गाळून येत होता.

"उडणार... नाही," हंबीरराव म्हणाले. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

"माहीत आहे, आबासाहेब."

"मग आणलास... कशाला?"

"काय करू? माझ्या हाताला हे येत नाही. अठ्ठावीस वर्षांत आलं नाही, आता तीन आठवड्यांत कुठून यायचं?" विठोबा चादरीची घडी घालू लागले. "मी वहिनीसाहेबांना शब्द देऊन बसलो."

हंबीररावांनी पंख फळीवर ठेवला, अगदी हळू.

"तुझ्या हाताला जे येतं... ते कर."

विठोबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुमच्या विमानाला ठोकळा लावू?"

"दसरा... चुकवायचा नाही."

चार दिवसांनी विठोबा सामान घेऊन परत आले. थर्मोकोलची लादी, सनमायकाचे साचे, बॅटरी, आणि लाकडी धनुकलीवर ताणलेली निक्रोमची तार. बरोबर अवंतीही होती, कारण तार ओढायला दोन माणसं लागतात. पंख बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळता. बुडाकडच्या माणसानं जास्त अंतर जायचं, टोकाकडच्यानं कमी, आणि पोचायचं मात्र एकाच वेळी. म्हणून दोन्ही साच्यांवर एक ते दहा आकडे असतात. एकानं आकडा म्हणायचा आणि दोघांनी तार त्या खुणेवर आणायची. मध्ये थांबायचं नाही. तार जिथं थांबते तिथं थर्मोकोल वितळून चर पडतो.

अवंतीनं टोकाकडची मूठ धरली, तशी हंबीररावांनी डाव्या हातानं खुर्ची पुढे सरकवली.

"पोरी, सरक."

"काका, आपसे होगा?"

"मी... धरतो."

ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षं थर्मोकोलला बोट लावलं ते फक्त वाजवून बघायला, तो तारेची मूठ धरून बसला होता, आणि ती अशी धरली होती की विठोबांना काही शिकवावं लागलं नाही. बटण दाबलं. तार तापली. तिचा तो ओळखीचा वास आला.

"आकडे तुम्ही म्हणा," विठोबा म्हणाले.

"एक," हंबीरराव म्हणाले. तार लादीत शिरली. "दोन... तीन."

तारेच्या दोन टोकांना दोन म्हातारे होते आणि तार त्यांच्यामध्ये सरळ होती. विठोबांना तारेतून समोरच्या हाताची ओढ जाणवत होती. इतकी सारखी, इतकी हलकी ओढ त्यांना आजवर कुणाकडून मिळाली नव्हती. बायको होती तेव्हा तिच्याकडूनही नाही. हा डावा हात होता. उजवा असताना काय झालं असतं, हे मनात आलं आणि त्यांनी ते दूर सारलं.

"चार... पाच... सहा."

आणि मग काहीच नाही. हंबीररावांचे ओठ हलत होते. आकडा डोक्यात होता, जिभेवर येत नव्हता. त्यांचा हात थांबला, म्हणून विठोबांचाही थांबला. तारेभोवती थर्मोकोल मुकाट वितळू लागला. हंबीररावांच्या कपाळावर घाम आला.

"सात," दारातून जयवंतीबाई म्हणाल्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक.

"सात," हंबीरराव म्हणाले. "आठ... नऊ... दहा."

वरचा तुकडा उचलला. आत पंखाची पाठ, दह्याच्या कवडीसारखी गुळगुळीत, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक चर. हंबीररावांनी त्यावरून बोट फिरवलं.

"माझी रेघ," ते म्हणाले, आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले.

खालची बाजू कापली. चर भरून निघाला. खाकी कागद चिकटला, वाळला. अष्टमीला दोन्ही पंख विमानाला लावले आणि विमान मधोमध दोऱ्यावर टांगलं, तर ते उजवीकडे सरळ झुकलं. झुकणारच. डावा भरला एकशे तीस ग्रॅम, उजवा एकशे नव्वद.

"डाव्याच्या टोकाशी पंचवीस-तीस ग्रॅम शिसं घालावं लागेल," विठोबा चाचरत म्हणाले. आबासाहेबांनी जन्मात पंखात मेलेलं वजन घातलं नव्हतं. एकेका ग्रॅमसाठी ते फासळ्यांना भोकं पाडायचे.

हंबीररावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. पितळी मुठीचा चाकू त्यांनी फळीवर ठेवला.

"तोल," ते म्हणाले.

काट्यावर सत्तावीस ग्रॅम आले.

"आबासाहेब, हा नको. मी शिसं आणलंय."

"शिसं... कशाला? हा आता... काय कापणार?"

विठोबांनी टोकाजवळचा कागद बोटभर उघडला. या वेळी फासळी मोडली नाही. शेवटच्या दोन फासळ्यांमध्ये, कण्याला लागून चाकू बसवायचा होता, आणि एखादी वस्तू न हलता बसवणं हे एकच काम विठोबांना जगात कुणापेक्षाही चांगलं येत होतं. त्यांनी थर्मोकोलची चाकूच्या मापाची गादी कोरली, ती डोप लागून वितळू नये म्हणून कागदात गुंडाळली, आणि चाकू तिच्यात ठेवला. हलवून पाहिला. हलला नाही. पुन्हा कागद लावला. दोऱ्यावर विमान सरळ राहिलं.

दसऱ्याला जयवंतीबाईंनी ताम्हन मांडलं. पट्टी, पक्कड, कानस. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"आणि चाकू कोठे आहे?"

हंबीररावांनी विमानाच्या डाव्या टोकाकडे बोट केलं. बाईंनी हळद-कुंकवाची बोटं त्या टोकाला लावली, आणि थोडा विचार करून उजव्यालाही.

शेत तेच होतं. सोयाबीन निघून गेलेलं, काळ्या ढेकळांचं. पूर्वी पंधरा माणसं असायची, आता चारच. हंबीररावांना खुर्चीवर बसवलं. रिमोट विठोबांच्या गळ्यात होता. आबासाहेबांचं विमान त्यांनी आजवर शेकडो वेळा हातानं फेकलं होतं, उडवलं एकदाही नव्हतं.

"बाबा, छोडूँ?" अवंतीनं विमान डोक्यावर धरलं होतं.

"सोड."

मोटर गुणगुणली. विमान थोडं खाली बसलं आणि मग ते चढू लागलं. सरळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. उंची मिळाल्यावर त्यांनी मोटर बंद केली. आता नुसता वारा. विमानानं एक रुंद वळण घेतलं आणि ते सूर्याच्या आड आलं.

डावा पंख उजळला. एकेक फासळी, कणा, आणि टोकाशी चाकूची काळी रेघ. उजवा पंख काळोखा, भरीव, आतलं काहीच न दाखवणारा. आणि दोन्ही मिळून ते विमान असं तरंगत होतं, की विठोबांना अठ्ठावीस वर्षांपूर्वीची ती दुपार जशीच्या तशी आठवली. तोच काटा अंगावर आला. आता त्यांना फासळ्या कशा कापतात हे ठाऊक होतं, डोप कसं दगा देतं हे ठाऊक होतं, एकेका ग्रॅमचा हिशेब तोंडपाठ होता. तरीही ते वर कसं राहतं, हे काही केल्या कळत नव्हतं. डोळे भरून आले आणि पुसता येईनात, कारण दोन्ही हात रिमोटवर होते.

"आबासाहेब, दिसतंय ना?"

"दिसतंय." विमानाचं दुसरं वळण पुरं झालं, तेव्हा म्हणाले, "पार्सल... चांगलं चाललंय."

उतरताना वाऱ्यानं दगा दिला. विमान शेताच्या कडेला बाभळीच्या फांदीला घासून ढेकळांत बसलं. अवंतीनं धावत जाऊन ते आणलं. उजव्या पंखावर ओरखडासुद्धा नव्हता. डाव्याचा कागद वीतभर फाटला होता आणि आतली एक फासळी मोडून लोंबत होती.

विठोबांचा चेहरा उतरला. हंबीररावांनी मात्र विमान मांडीवर घेतलं आणि मोडलेली फासळी बोटानं चाचपली. त्यांचा चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला, कामातला.

"एकच आहे... अर्ध्या तासाचं... काम," ते म्हणाले, आणि डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला.

खिसा रिकामा होता. हात आतच राहिला. जयवंतीबाईंनी मान वळवली आणि त्या शेतापलीकडे पाहू लागल्या.

"मी कापतो आबासाहेब," विठोबा म्हणाले. "चाळीस कापल्या तर एक तरी बरी निघेल."

हंबीररावांनी हात खिशातून काढला. मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग त्यांनी बायकोकडे आपट्याची पानं मागितली.

सोनं आधी धाकट्यानं थोरल्याला द्यायचं. अठ्ठावीस दसरे विठोबांनीच पुढे होऊन ते दिलं होतं. आजही ते पान घेऊन वाकले, पण हंबीररावांनी त्यांना थांबवलं. पान त्यांच्या डाव्या हातात होतं. डाव्या हातानं सोनं देत नाहीत. त्यांनी ते मांडीवर पडलेल्या उजव्या हाताच्या बोटांत खोचलं, एकदा निसटलं, पुन्हा खोचलं. मग डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरून उचलला आणि पुढे केला.

विठोबांनी रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हातांची ओंजळ धरली.